पाठीसाठी बदललेले सस्पेन्शन

पाठदुखीवरचा उपाय म्हणून कोणी मोटारीचे सस्पेन्शन बदलल्याचे आपण ऐकले आहे का? पिपरी मेघे येथील आमचे शेजारी बाबाराव यांच्या निखिलने ते केले. त्याच्या जुन्या स्पोर्ट्स सेडानला त्याने कडक स्प्रिंग, मोठी चाके आणि पातळ टायर बसवले. हौस त्याची, खर्च वडिलांचा.

"बाबा, तुमच्या पाठीसाठीच करून राह्यलो. गादीवर बसल्यावानी वाटन."

संकष्टीला आम्ही केळझरच्या गणपतीला निघालो. मागे बसलेले बाबाराव प्रत्येक खड्ड्याला कण्हत होते.

"काऊन रे, ही गादी हाय का पाटा?"

"नवीन हाय ना बाबा. बसन हळूहळू."

मंदिरात बाबारावांनी त्याला गणपतीसमोर उभे केले.

"आता सांग, कोनासाठी केलं?"

देवासमोर असत्य फार वेळ टिकत नाही. निखिल पुटपुटला, "माझ्यासाठी. वळणावर गाडी झुकत नाई."

"मंग किल्ली दे अन् मागं बस. आता दर संकष्टीले तिथंच बसजो."

तेव्हापासून दर संकष्टीला बाबाराव पाठीशी जाड उशी घेऊन गाडी चालवतात, निखिल मागे बसतो आणि केळझरपर्यंत एकही खड्डा चुकवला जात नाही.