इचका कुणी केला

आमच्याकडं काम बिघडवलं की ‘इचका केला’ म्हणतात, आणि सासूबाई तो शब्द दिवसातून दहा वेळा मलाच लावायच्या. एकदा मात्र तो नर्सबाईंच्या वाट्याला आला. त्यांनी बाळाच्या दंडाला लस टोचली आणि महिन्याभरानं तिथं पू धरला. सुईचा संशय मला पहिल्यापासून होताच.

सासूबाई म्हणाल्या, “त्या बाईनं इचका केलाय. लेकराचा हात जायचा.”

आम्ही दोघी तडक दवाखान्यात गेलो. मी म्हणाले, “बाई, तुमी इचका केला.”

“अगं, ह्या लशीनं फोड येतोच. लस लागू पडली. पण हा पाल्याचा लेप कुणी थापला? खरा इचका ह्यानं होईल.”

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या बाळाचं टोपरं नीट करत म्हणाल्या, “चल बाई, शेतात भाताच्या रोपासाठी राब भाजायचा राहिलाय.”