पाय नव्हता तिथली वीट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, काय सांगू तुम्हाला, कोणी सुमनच्या पायाचा विषय काढला की मी केळीचा भाव विचारायचो. आता लिहून घ्या, अन् रेखा सिस्टरचं नाव आधी लिहा, कारण मी तिचंच नाव खराब केलं.

आम्ही फोपनारचे, केळीवाले. आमच्यात पाय गार पडले की वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची अन् पायाशी ठेवायची, बाळंतिणीला तीच, म्हाताऱ्याला तीच, माझ्या आईने बापाला शेवटपर्यंत तशीच दिली. सुमन, म्हणजे माझी बायको, तिला साखरेचा आजार. ताप चढला म्हणून बऱ्हाणपूरला दवाखान्यात ठेवली होती. तिथे ही रेखा सिस्टर, असीरगडच्या पायथ्याची पोरगी, बोलायला फटकळ. म्हणाली काकू, डोळे मिटा, अन् तळव्यावर कापूस फिरवला, मग पेनाचं टोक टेकवलं, विचारलं कुठे लागतंय. सुमन म्हणाली, आधी लाव तर. मी हसलो. सिस्टर नाही हसली. म्हणाली काका, ह्या पायाला चटका कळत नाही, शेक द्यायचा नाही, गार लागला तर मोजे घाला अन् तळवा रोज बघत जा. मग मलाच विचारलं, सांगा, काय करायचं नाही? मी म्हटलं, शेक द्यायचा नाही.

अन् दुसऱ्या दुपारी शेक दिला. पाय हातात घेतला तर विहिरीतल्या दगडासारखा, मला बघवेना. बाहेर चहावाल्याच्या भट्टीवर वीट तापवली, टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवली. सुमन झोपेत, हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, बघा, बरं वाटतंय तिला. ती जागी व्हायच्या आधी वीट मी खिडकीतून मागच्या गवतात टाकली. तिने ती वीट पाहिली नाही, हे ध्यानात ठेवा.

संध्याकाळी सिस्टरने चादर सारली, तर तळव्याला हा एवढा फोड. डॉक्टर ओरडले, कोणी केलं? खिळ्याला गरम पाण्याची रबरी पिशवी लटकत होती. माझं बोट तिकडे गेलं. म्हटलं, सिस्टरने पिशवी ठेवली. ती एवढंच म्हणाली, काका, मी? तिला कामावरून काढलं. जखम चिघळत गेली अन् सुमनचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

घरी आल्यावर सुमन सिस्टरला शिव्या द्यायची, तिचं वाटोळं होवो म्हणायची, अन् मी हूं म्हणायचो. मग एकदा जेवता जेवता ती थांबली. म्हणाली, अहो, पायाखालची वीट काढा ना, पोळतंय. मी म्हटलं कोणती वीट, कोणता पाय? म्हणाली, तीच, टॉवेलातली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, कापलेला पाय असा दुखतो पुष्कळांना. दुखत असेल. पण वीट? पाय होता तेव्हा जे कळलं नाही, ते पाय गेल्यावर तिला कळत होतं. वीट कोणी ठेवली हे तिने कधी विचारलं नाही. त्या दिवसानंतर सिस्टरला शिवीही दिली नाही. नुसतं म्हणायची, काढा. मग मी वाकायचो, रिकाम्या जागेतून वीट उचलल्यासारखं करायचो अन् दाराबाहेर ठेवून यायचो. तेव्हा तिला बरं वाटायचं. एकदा, शपथेवर सांगतो, माझ्या हाताला ऊब लागली.

सुमन गेली. आता साखर मला. गेल्या हिवाळ्यात विचारत विचारत असीरगडला गेलो. रेखा सिस्टर ओट्यावर लसूण निवडत बसलेली, केस पांढरे. तिने ओळखलं. बसा म्हणाली. माझी एक चप्पल अंगणातच निसटली होती, मला पत्ता नाही. तिने पाहिलं, उठली, चप्पल आणून माझ्यापुढे ठेवली, म्हणाली काका, डोळे मिटा. मी मिटले. वाट पाहत बसलो. लागतंय का? मी म्हटलं, आधी लाव तर.

तिने माझा पाय खाली ठेवला. मग म्हणाली, सांगा काका, काय करायचं नाही?

बाई, माफ कर, एवढंच म्हणायला गेलो होतो. तोंड उघडलं. निघालं ते, शेक द्यायचा नाही.