हरकत नाही म्हणायला गेलो

...माझ्यामुळे अडलं म्हणे! माझ्यामुळे! अहो, परवा सलूनमध्ये दाढीला बसलो होतो, दोन्ही गालांना साबण, तोंड उघडायची सोय नाही, आणि शेजारच्या खुर्चीतला एक गृहस्थ आरशातून माझ्याकडे बोट करून म्हणतो, "हेच का ते आजोबा, ज्यांनी स्टेडियम अडवलं?" अडवलं! मी! ज्या माणसाने जन्मात एक बॉल अडवला नाही... आणि हवं तर सलूनवाल्याला विचारा, तो तर आमचा गोलकीपर होता, त्यानेही फारसे अडवले नाहीत... तो माणूस अख्खं स्टेडियम अडवणार? तुम्हाला सांगतो, लोकांनी मला काय वाटेल ते म्हणावं, माझी काही हरकत नाही, पण आधी झालं काय ते तर ऐकून घ्या!

आमचं जुनं मैदान तुम्ही पाहिलं नसेल. पत्र्याचं छप्पर, लाकडी पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर प्रत्येकाची ठरलेली जागा. जागा म्हणजे काय, तर बुटांनी झिजवलेला खड्डा. माझ्या खड्ड्यात माझ्याआधी माझा बाप उभा राहायचा. बापाने शेतीवाडी ठेवली नाही, खड्डा ठेवला! मग एक दिवस आला इंजिनियर. हातात एवढीशी हातोडी. पायरीवर टक, खांबावर टक, छपराच्या वाशावर टक, आणि त्या टकसरशी स्वतःच धावत खाली! घाम पुसत म्हणतो, "इथे माणसं नाचतात?" आम्ही म्हणालो, "गोल झाला की नाचतात." म्हणाला, "मग नशीब समजा, तुमचा संघ गोल फार करत नाही!"

लागलं की हो कुलूप फाटकाला. आणि संघ? संघ गेला नदीपलीकडे, भाडेकरू म्हणून. कुणाच्या मैदानावर? ज्यांना हरवण्यासाठी आम्ही जन्माला आलो, त्यांच्या! घरची मॅच दुसऱ्याच्या घरी! म्हणजे लग्न आपलं आणि दारातला माणूस आपल्यालाच विचारतो, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?"

त्यात आमचे व्याही नदीपलीकडचे. मुलगी दिली त्या घरात, चुकलो म्हणत नाही, जावई सोन्यासारखा आहे, पण त्या सोन्याचा बाप! मॅचच्या दिवशी सकाळी फोन ठरलेला. "काय व्याही, येताय ना आज? आमच्या घरी... आपलं, तुमच्या घरी... म्हणजे घर आमचंच हो, मॅच तुमची!" आणि हसतो कसा? सायकलला हवा भरल्यासारखा... फिस्स, फिस्स, फिस्स!

मग मीही शपथ घेतली. त्या मैदानात पाय ठेवणार नाही म्हणजे नाही. आपल्या जागी आपलं स्टेडियम होईल तेव्हाच मॅच बघेन. पण संघाला वाऱ्यावर कसं सोडणार? म्हणून मी जातो पुलावर. पूल निम्मा आपला, निम्मा त्यांचा. आपल्या निम्म्याच्या अगदी टोकाला मी कठडा धरून उभा. तिथून दिसत काही नाही, ऐकू येतं फक्त "हेऽऽऽ!" आता हे "हेऽऽऽ" कुणाचं? आपण घातला की आपल्याला घातला? काही कळत नाही. मग मी आनंदही अर्धा करतो आणि दुःखही अर्धंच करतो. बायको म्हणते, "सर्दी मात्र पुरती करता!" तुम्हाला सांगतो, वाऱ्यात उभं राहायला माझी काही हरकत नाही, पण स्वतःचा संघ जिंकला की हरला हे पलीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला विचारायचं? आणि त्याने विचारायचं, "कुठला संघ?" कुठला संघ! अशा माणसाच्या हाती ट्रक देतात!

असो. तर एकदाचा नव्या स्टेडियमचा नकाशा आला. जुन्याच जागी! क्लबच्या ऑफिसात काचेखाली मॉडेल मांडलं. हिरवी हिरवी झाडं, नखाएवढी माणसं, सगळी पांढरीफटक, हात मांडीवर ठेवून गप्प बसलेली. मी सेक्रेटरीला म्हणालो, "साहेब, ही आपली माणसं नव्हेत. ही पाहुण्या संघाची, आणि तीसुद्धा हरल्यावरची." तो गेला फोन घ्यायला, मी काच जराशी उचलली आणि मैदानाच्या मधल्या वर्तुळात मोहरीचा एक दाणा ठेवला. बॉल नको का? दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट आला, वाकून वाकून बघतो आणि ओरडतो, "मैदानाच्या मधोमध हे गटाराचं झाकण कुणी टाकलं?" मी म्हटलं, "पाण्याचा निचरा महत्त्वाचा असतो साहेब."

आणि मग लागली ती नोटीस! जुन्या फाटकावर. आता माझं वाचन कसं आहे... मोठी अक्षरं मी वाचतो आणि बारीक अक्षरं मी समजून घेतो. मोठ्या अक्षरात काय होतं? 'नवीन स्टेडियम'. त्याखाली 'हरकत'. आणि त्याखाली 'नोंदवावी'. मध्ये काहीतरी मुंग्या गेल्यासारखं बारीक बारीक. शेजारी सलूनवाला उभा. तो वाचणारा माणूस, पण चष्मा दुकानात. म्हणाला, "काय लिहिलंय रे म्हाताऱ्या?"

आता मी विचार केला. सरकारी ऑफिसात साहेब खूश झाला की काय म्हणतो? "हरकत नाही." बरोबर? म्हणजे साहेबांचं सांगून झालं असणार, आता ते आपल्याला विचारतायत, बाबांनो, तुमचं काय? आणि इतक्या वर्षांत आपल्याला कुणी काही विचारलं नाही, आज विचारलंय तर गप्प बसायचं? उद्या म्हणतील, विचारलं तेव्हा हे लोक आलेच नाहीत! मी सलूनवाल्याला म्हणालो, "लिहिलंय, सगळ्यांनी येऊन सांगा, तुमची हरकत नाही ना."

बस्स! सलूनवाल्याला एक गोष्ट सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. दाढी करता करता त्याने सगळ्या गावाच्या कानावर घातलं, आणि वस्तरा गळ्यावर असताना माणूस नाही म्हणत नाही!

अहो, काय ती रांग! तुम्ही असायला हवं होतं! सरकारी ऑफिसच्या खिडकीपासून जिना उतरून, रस्ता ओलांडून, वळसा घालून परत ऑफिसच्याच मागच्या दाराशी! टेप गळ्यात तशीच ठेवून शिंपी आला. रात्रपाळी करून नर्सबाई आल्या, उभ्या उभ्या डुलक्या घेत, पण रांग सोडली नाही. बसचा ड्रायव्हर आला तो बस बाजूला लावून, आणि त्याच्या मागोमाग प्रवासीही आले, त्यांना वाटलं इथेच उतरायचंय! आमचा बँडवाला तर क्लॅरिनेट घेऊन हजर. मी म्हटलं, "हे कशाला?" म्हणतो, "हरकत मागवलीय ना? मी सुरात घेतो!" गाण्यातली हरकत वाटली त्याला! आणि घेतली हो त्याने, अशी घेतली की ऑफिसातले पंखे थांबले.

खिडकीत कारकून. मान वर न करणारा. "नाव?" सांगितलं. "हरकत?" "नाही." लिहिलं. "पुढचा!" "नाव?" "हरकत?" "नाही." "पुढचा!" काय सुरळीत चाललं होतं! मला तर भरून आलं. म्हटलं, एवढी माणसं, एकाच्याही तोंडून दुसरा शब्द नाही. आमचा संघ एकमेकांना इतका नीट पास देत नाही!

आणि आठवड्याने व्याह्यांचा फोन. मॅच नसताना! "अभिनंदन व्याही! पेपरात आलंय! तुमच्या स्टेडियमला सगळ्यात जास्त विरोध... तुमच्याच लोकांचा! फिस्स, फिस्स, फिस्स!"

मी उडालोच! पळत फाटकावर गेलो, सलूनवाला चष्मा लावून आला, आणि त्या मुंग्या त्याने मोठ्याने वाचल्या. 'असल्यास.' हरकत *असल्यास* नोंदवावी! म्हणजे ज्याची हरकत आहे त्यानेच जायचं होतं! जो जो खिडकीत गेला, तो तो हरकतवाला म्हणून लिहिला गेला. आणि हरकत काय? तर 'नाही'! वरच्या साहेबांनी वाचलं, स्टेडियम... नाही! नाही! नाही! पानंच्या पानं नाही! आता तुम्ही मला सांगा, सगळा अर्थ ज्या शब्दात आहे तो शब्द मुंगीएवढा लिहायचा? 'असल्यास' मोठं लिहायला काय शाई संपली होती? लहान लिहायलाही माझी हरकत नाही हो, पण मग फाटकाला खाली स्टूल आणि वर दिवा तरी ठेवा!

सलूनवाल्याने चष्मा काढून खिशात टाकला. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, आता तू मरेपर्यंत पुलावरच." तेव्हा मात्र, खरं सांगतो, माझं हसू गेलं.

पुढे काय, तर नियम! ज्याने ज्याने हरकत नोंदवली त्याला त्याला बोलावून, समोर उभं करून, त्याचं ऐकायचं. सुनावणी! मोठा हॉल, वर टेबल, टेबलामागे अधिकारी बाई. नाकावर चष्मा, चष्म्यावर भुवया, भुवयांवर आठ्या. हॉल खच्चून भरलेला, खिडक्यांत माणसं, जिन्यात माणसं, बाहेर रस्त्यावर माणसं. बाई म्हणाल्या, "जे हरकतदार असतील त्यांनी उभं राहावं." सगळा हॉल उभा! आणि आता आमच्या लोकांची एक खोड आहे... सगळे एकदम उभे राहिले की गाणं आपोआप सुरू होतं. संघाचं गाणं! बँडवाल्याने सूर दिला, नर्सबाईंनी टिपेचा सूर लावला, बाईंच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास चालत चालत कडेला आला!

"शांतता! एकेक जण या! तुमची हरकत?" शिंपी म्हणाला, "नाही." "काय नाही?" "हरकत नाही." "मग नोंदवली कशाला?" "नाही हे सांगायला!" "पुढचे! तुमची हरकत?" "नाही." "तुमची?" "अजिबात नाही." "तुमची?" "आमच्या सात पिढ्यांची नाही!" बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "खरी हरकत असलेला एक तरी माणूस आहे का इथे?"

होता! एक होता. मैदानाच्या मागे राहणारे मास्तर. रिटायर झालेले, एकटेच, मॅचच्या दिवशी धडाधड खिडक्या लावणारे. ते उठले. मी म्हटलं, संपलं! मास्तर म्हणाले, "माझी हरकत आवाजाबद्दल आहे." बाई एकदम ताज्यातवान्या झाल्या. "बोला, बोला! आवाज फार होईल?" मास्तर म्हणाले, "होणार नाही. या नकाशात स्टँडचं तोंड पलीकडे फिरवलंय. मैदान बंद झाल्यापासून मी खिडक्या उघड्या टाकून बसतो, आणि कोण जिंकलं तेच कळत नाही. माझी हरकत आहे, आवाज माझ्या घराकडे आला पाहिजे!"

अहो, काय टाळ्या! सलूनवाल्याने तर मास्तरांना उचललंच... जन्मात पहिल्यांदा त्याने काहीतरी नीट पकडलं!

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आजोबा, यांना सगळ्यांना तुम्ही आणलंत?" मी म्हणालो, "बाई, मी फक्त वाचून दाखवलं. आले ते आपल्या पायांनी." बाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या. रस्त्यावर बघितलं, जिन्यात बघितलं, मग नकाशा बघितला, परत रस्त्यावर बघितलं. म्हणाल्या, "हरकत कुणाचीही नाही, हे मान्य. स्टेडियम तिथेच होईल, हेही मान्य. पण नकाशात आहेत त्या जागा एवढ्या लोकांना पुरणार नाहीत. दारं अपुरी, जिने अपुरे. हा नकाशा नामंजूर! मोठा काढून आणा!"

आणि मग असा आवाज झाला, असा आवाज झाला की नदीपलीकडे व्याही दाराबाहेर आले म्हणे! आणि तो आवाज कुणाचा, हे मला ट्रकवाल्याला विचारावं लागलं नाही! अहो, जगातली स्टेडियमं पैसे नाहीत म्हणून अडतात, जागा नाही म्हणून अडतात. आमचं अडलं, का? तर आम्ही जास्त आहोत म्हणून! त्या दिवसापासून व्याह्यांचा फोन नाही. परवा मीच केला. म्हटलं, "काय व्याही, तुमचं स्टेडियम केवढंसं हो?" फिस्स नाही की फुस्स नाही!

आता नवा नकाशा, मोठा. आणि नवा नकाशा म्हणजे पुन्हा नोटीस, पुन्हा हरकत, पुन्हा सुनावणी! काल लागली की फाटकावर. 'असल्यास' हे या वेळी लाल शाईत, हाताएवढं! बायको म्हणते, "अहो, आता तरी कळलं ना? हरकत असेल त्यानेच जायचं. तुम्ही या वेळी गुपचूप घरी बसा." बसलो असतो हो, मला काय! पण तुम्हीच सांगा, मागच्या वेळी सगळ्यांच्या पुढे जाऊन हरकत नाही म्हणून सांगणारा माणूस या वेळी फिरकलाच नाही, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, "म्हाताऱ्याची हरकत दिसतेय!"