आतून गुलाबी

नाही, बाबा, बसा खाली. तो थर्मॉस आधी बाकावर ठेवा, हातात धरून असा हलवताय, कढत पाणी सांडेल कुणाच्या तरी अंगावर—बसा हो, सगळे बघतायत. कुठे निघालात? एलादिओकडे? आणि खाली पिकअपमध्ये क्लबातली चार पोरं आणून बसवलीत ती कशाला, त्याच्या हातचं चोरिपान, तो सॉसेज घातलेला पाव खायला? मला काय कळत नाही होय! पालिकेनं त्याच्या गाडीला सील ठोकलं, सॉसेज उचलून नेले, एवढं पुरे नाही झालं? आता हाडंही मोडायची त्याची? पाराग्वेचा आहे म्हणून सोपं वाटतं—आपल्या गल्लीतला असता तर चार पोरं जमली असती का एवढ्यात? हां, तुम्ही तसले नाही. मला माहितेय तुम्ही तसले नाही. पण पोरं तसली आहेत, आणि तुम्ही नुसतं बोट दाखवायचा अवकाश.

सिरो? आत्ताच पाहून आले तुमच्या नातवाला. तसाच आहे. रक्त गाळायचं मशीन चालू आहे, गळ्यापाशी नळी आहे, आणि मधेच डोळे उघडतो नि कुत्र्याचं नाव घेतो. डायपर कोरडं. ताई सारखी हात घालून बघते—नर्स हसते तिला, म्हणते सिल्विना, अशानं नाही येत—पण ती बघतेच. थेंबभर ओलं झालं ना, बाबा, तर हा अख्खा वॉर्ड नाचेल. दोन वर्षांच्या पोराच्या मुतावर आपण सगळे टांगलेले आहोत, काय म्हणायचं याला!

औषध का देत नाहीत, औषध का देत नाहीत—किती वेळा विचाराल? नाहीये औषध. अँटिबायोटिक दिलं तर जंतू मरता मरता आणखी विष ओकतील अशी भीती. जंतूंचं काय एवढं, ते पोटातच राहतात. विष पुढे जातं. रक्तात उतरतं आणि किडनीतल्या त्या केसाहून बारीक नळ्यांपाशी येतं. तिथल्या पेशींना बाहेरून एक कडी असते म्हणा, ती नेमकी या विषाच्या हाताला बसते. गाईच्या आतड्याला ती कडी नाही, म्हणून तिच्या पोटात हेच जंतू खुशाल राहतात आणि ती आपली चरते. आपल्याला आहे. आणि हे विष दार फोडत नाही, बाबा—कडी धरतं, आणि पेशीच त्याला आत ओढून घेते. घरचंच कुणी आल्यासारखं. आत काय करतं? तुम्ही गवंडीकाम केलंय, तुमच्या भाषेत सांगते. पेशीत लाखो गवंडी असतात, रात्रंदिवस बांधत असतात. हे एकेकाचा ओळंबा कापत सुटतं. फक्त ओळंबा, बाकी कशाला हात लावत नाही. —नजरेनं लावतील विटा? तुम्ही लावाल. त्यांना नजर नसते. हातात वीट घेऊन जागच्या जागी उभे, काम ठप्प, आणि काम थांबलं की पेशी मेलीच. मग नळीचं अस्तर सुटतं, तिथे रक्ताच्या गुठळ्या बसतात, लाल पेशी त्यातून घासून जाताना फाटतात—म्हणून तर असा पांढराफटक पडलाय तो—आणि गाळणी तुंबते. आत गेलेलं विष बाहेर काढता येत नाही. कुणालाच येत नाही. ला प्लाताच्या कॉलेजात बसून मी हे शिकले, चित्रं काढली, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात. आणि आता मी या बाकावर बसलेय, भिंतीपलीकडे काय चाललंय ते मला पेशीपेशीनं दिसतंय, आणि करता येत नाही काही. वाट बघायची. नवं अस्तर येतंय का बघायचं. पुष्कळ पोरं यातून उठतात, बाबा. उठतात.

म्हणून म्हणते, एलादिओचं नाव सोडा. एवढं सगळं व्हायला दिवस लागतात—त्याच्या गाडीवर आपण बुधवारी संध्याकाळी गेलो, आणि सिरोला जुलाब त्याच रात्री लागले. जंतूंना एवढी घाई नसते, तीन-चार दिवस मागे जाऊन बघायला लागतं, तेव्हा कुठे—

काही नाही. असंच, सगळ्यांबद्दल बोलतेय. तुम्ही बोटं कसली मोजताय? रविवार, रविवार काय! रविवारी घरच्या जेवणात आपण काय एकच गोष्ट खाल्ली का? कोशिंबीर होती, कशा पाण्यात धुतली कोण जाणे. सिरो त्या प्लास्टिकच्या टबात दुपारभर डुंबत होता, तेच पाणी पीत होता. काहीही असू शकतं. आणि मांस तर सगळ्यांनीच खाल्लं—तेच म्हणतेय मी, सगळ्यांनी खाल्लं, कुणाला काही झालं? आणि होणार पण नाही. जंतू असले तर मांसाच्या वरच्या अंगाला असतात, वरचं अंग आगीवर करपतं, आत गुलाबी राहिलं तरी बिघडत नाही. तुमचा असादो, ते निखाऱ्यावरचं मांस, आतून गुलाबी असतो म्हणून तर लोक दोन-दोन गावं ओलांडून येतात. अख्ख्या तुकड्याला चालतं ते. खिमा वेगळा, खिम्यात यंत्र बाहेरचं सगळं आत—



नका असं बघू. बाबा. सिरोचे मागचे दात अजून यायचेत, त्याला तो तुकडा चावता आला नसता. म्हणून तुम्ही कसायाकडून वेगळा खिमा आणलात. स्वतः वडी थापलीत. कोरडी होऊ नये, पोराला मऊ लागावी, म्हणून आगीवरनं लवकर उतरवलीत, फुंकर मारून भरवलीत, आणि सगळे ओरडले—भाजणाऱ्यासाठी टाळ्या!—आणि सिरोनं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

ताईनं मला शपथ घातली होती. पालिकेच्या बाईला एलादिओचं नाव तिनंच सांगितलं, तुमच्यापर्यंत हे येऊ नये म्हणून. म्हणाली, पोरगा राहतो की जातो माहीत नाही, बाबा तरी राहू देत. मी काय बोलणार? पण तो माणूस तिथे सील लावलेल्या गाडीपाशी फुटपाथवर बसलाय, आणि त्याला कळतसुद्धा नाहीये की आपला गुन्हा काय! आणि तुमचा तरी काय दोष—कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कसायाच्या दुकानात साध्या तीन शब्दांची पाटी नाही—खिमा आतपर्यंत शिजवा—रंग लावून लिहायला काय लागतं? मी उद्या जाऊन प्रत्येक दुकानावर लिहीन, मुभा देवोत की न देवोत, मी—

बाबा, माझं ऐकताय ना? हात खाली घ्या. असे नका धरू समोर.

हॉर्न वाजवतायत. थांबणार नाहीत ती पोरं, तुम्ही नाही गेलात तर तुमच्याशिवाय निघतील. मी जाऊ? मी जाऊन काय होणार—म्हणतील, आली शिकलेली, पाराग्वेवाल्याची वकिली करायला. तुमचं ऐकतील. फक्त ‘नका जाऊ’ एवढ्यानं नाही ऐकणार, का ते विचारतील. हो. त्या वडीचं, तेच सांगायला लागेल. दुसरं काही चालणार नाही.

जिना इकडे. तिकडे वॉर्ड आहे—तिकडे नको आत्ता, ताईला मी बघते. जा तुम्ही. जा.