कानात आवाज येईना

बाबा : नाही येत. किती वेळा सांगू? लांब कुठेतरी कोणी पुटपुटतंय, एवढंच येतं.

सून : बाबा, ओरडू नका. घशाला ताण द्यायचा नाही असं डॉक्टर काल दोनदा बोलले.

बाबा : स्वतःचं स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस ओरडतोच. जन्मभर लोकांना गाडी शिकवली मी. इंजिनाच्या वर आवाज चढवायची सवय आहे घशाला.

सून : इथे इंजिन नाही. भिंतींना रजया टांगल्यात. मी इथे बसून मुलांच्या गोष्टी कुजबुजत वाचते, तरी नीट रेकॉर्ड होतात.

बाबा : मग तुझी ती माइक जोडायची डबी बिघडली असेल.

सून : डबी बरी आहे. थांबा, बघते. हेडफोनचं बटण पूर्ण फिरवलंय. कॉम्प्युटरचा आवाजही पूर्ण आहे. आता म्हणा कागदावरचं पहिलं वाक्य. हळू.

बाबा : मला तहान लागली आहे.

सून : आलं का?

बाबा : आलं. मुंगीच्या पावलांनी.

सून : मग हे दुसरं बटण. एकीकडे फिरवलं की माइक ऐकू येतो, दुसरीकडे फिरवलं की कॉम्प्युटर. काल रात्री माझं काम ऐकताना मीच कॉम्प्युटरकडे फिरवलं आणि तसंच राहिलं. आता बघा.

बाबा : थोडं वाढलं. पण पुरेसं नाही.

सून : पिन आत आहे. वायर ठीक आहे. मग राहिलं काय? डोकंच चालेना झालंय माझं.

बाबा : दमलीस तू. सकाळपासून माझ्यामागे दवाखाना, तपासण्या, परत दवाखाना. राहू दे. उद्या करू.

सून : उद्या तुम्हाला दाखल करायचंय, बाबा. परवा ऑपरेशन.

बाबा : माहीत आहे. घशातला आवाजाचा डबा काढून घेणार आणि हातात मशीन देणार.

सून : ते मशीन तुमच्या आवाजात बोलावं म्हणून तर ही खटपट. जे काय करायचं ते आजच.

बाबा : मग हे कानावरचं टोपलं तरी काढ. मान अवघडली.

सून : माझे नेहमीचे हेडफोन तुमच्या चष्म्यावर रुततात, म्हणून हे मऊ गादीचे काढले. आमचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी दिले होते. तिथल्या मोठ्या मशीनवर काय वाजायचे हे... अरे देवा.

बाबा : काय झालं?

सून : हेच ते! यांना जोर जास्त लागतो. आणि माझी डबी चालते कॉम्प्युटरच्या वायरीवर. तिच्यात तेवढा दमच नाही.

बाबा : म्हणजे इंजिन स्कूटरचं आणि माल ट्रकचा. चढावर धापा टाकणारच. हे आधी सुचायला नको होतं?

सून : नाही सुचलं. हे घ्या माझे. चष्मा काढा, वाक्य मी सांगते. आधी बटण कमी करू दे, नाहीतर कान फाटतील. हं, बोला.

बाबा : मला तहान...

सून : का थांबलात? जास्त झालं का?

बाबा : हा कोण बोलतोय?

सून : तुम्हीच.

बाबा : असा? फाटक्या पत्र्यासारखा?

सून : बरेच दिवस झाले असाच आहे, बाबा.

बाबा : आणि घरात कोणी बोललं नाही.

सून : काय बोलणार? हळूहळू होत गेलं. आम्हाला सवय झाली.

बाबा : मग हा नको. सायलेन्सर गळून पडलेल्या गाडीचा आवाज मशीनमध्ये कशाला भरायचा? त्या मशीनवाल्यांकडे तयार आवाजही असतात म्हणे. एखादा गोड गळ्याचा माणूस बघा.

सून : बघू की. मग तो गोड गळ्याचा माणूस तुमच्या नातीला म्हणेल, मांजराला खाली सोड. ती ऐकेल त्याचं?

बाबा : माझं तरी कुठे ऐकते?

सून : ऐकत नाही, पण तुम्ही ओरडलात की खुदकन हसते. त्या माणसाचा आवाज ऐकून रडेल.

बाबा : ...काय म्हणायचं होतं पुढचं?

सून : कृपया दिवा बंद करा.

बाबा : या घरात मी "कृपया" म्हटलं तर तुझी सासू डॉक्टरला बोलावून आणेल.

सून : मग तुमच्या पद्धतीने म्हणा. स्वतःची वाक्यं चालतात असं मशीनवाल्यांनीच सांगितलंय. आता ऐकू येतंय ना? मग जोर लावू नका. शेजारच्या सीटवर कोणी बसलंय असं समजा, गाडी बंद आहे.

बाबा : दिवा घालव गं. पाणी दे. माझा चष्मा कुठे ठेवलास? आरसा बघ, आरसा! शोभेला लावलाय का तो?

सून : हे शेवटचं कशाला?

बाबा : असू दे. कोणीतरी गाडी शिकायला येईलच.

सून : बरं. घोटभर पाणी घ्या. आणखी काय लागेल रोजचं?

बाबा : हाक. तुझी सासू स्वयंपाकघरात असली आणि मला बोलवायची असली, तर काय टाळ्या वाजवू?

सून : म्हणा मग. चालू आहे.

बाबा : अगं, ऐकलंस का?

आई : (दाराबाहेरून) आले, आले. काय हवंय?

सून : आई, रेकॉर्डिंग चालू होतं हो! बाबा, त्यांचंही बोलणं आलं यात. मशीनला नुसता तुमचाच आवाज लागतो. पुसते हे, परत म्हणा.

बाबा : परत म्हणतो. मशीनसाठी दुसरं म्हणतो. हे पुसू नकोस.