सोड म्हणजे सूडू

नाई सर, तो कागद आधी बाजूले ठेवा. सहीचं मागून पाहू. आधी समजून तर घ्या हर्षदीपचा हात कसा गेला — बाप आहे तुमी त्याचे, शाळेत मास्तर आहे, निर्मल गावी कॅम्पच्या सिलेक्शनमधी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते, आणि आपण काय पाहून राह्यलो हे तुमाले कुठं मालूम होतं? बसा, मॅटवरच बसा. चपला तिकडं. माझा मामा चहा प्याले गेला, येईनच आता.

हात द्या. भिता काऊन? वाकवत नाई. हे पाहा — आर्मबार म्हणते याले. तुमी पाठीवर पडले, मी आडवा, माझा एक पाय तुमच्या छातीवर, एक तोंडावर, तुमचा हात माझ्या मांड्यांच्या मधात. अंगठा वर आला की कोपर फसली — मी कंबर उचलली की संपलं. सुटायचं कसं? हात सरळच होऊ द्यायचा नाई, दुसऱ्या हातानं आवळून धरायचा. झालाच सरळ, तर अंगठा जमिनीकडं फिरवायचा अन् माझ्यापासून दूर, खांद्यावरून लोळायचं — कोपर सटकते. मीच शिकवलं त्याले, याच मॅटवर. दुसरं कोण शिकवन? मामा? भगवानराव उस्ताद म्हणते लोक त्याले — कुस्तीत कोणाले तरी चित केलं होतं म्हणे, तेच सांगत बसते, बाकी शिट्टी वाजवते. मी डिग्री सोडून तीन वर्षं इथं घासली, तवा हे आलं.

मग त्या दिवशी काऊन नाई सुटला? तो कोणीकडं लोळन हे मले मालूम होतं म्हणून. मनगट छातीशी आवळलं, अंगठा फिरूच दिला नाई. हा गुन्हा नाई, डाव आहे. त्याचा दुसरा हात माझ्या पायाखाली — आपटाले मोकळा नव्हता, कबूल. पण पाय होते नं? हरलो म्हणून पाय आपटता येते. नाई आपटला. काऊन नाई आपटला, सांगा? सकाळी जीपमधी कोण म्हटलं होतं, 'आपटून आला तर घराकडं फिरकू नको'? मी मागंच बसलो होतो सर. तुमी वर हसले बी.

मग तोंडानं म्हटलं त्यानं — सोड. माझी पोटरी त्याच्या तोंडावर, अर्धा शब्द आत. रेफरी तेलगू माणूस, त्याले ऐकू आलं सूडू. तेलगूत सूडू म्हणजे बघ. तो बिचारा वाकून बघाले लागला — कोपर बघून राह्यला, अन् मी वर कंबर... मलेबी सूडूच ऐकू आलं. तसं लिहून दिलं मी. मामानं सांगितलं तसं लिहिलं.

हो, कळते मले. तुमच्या कागदावर 'सोड ऐकलं' म्हणून सही केली की मी बाद, अन् हैदराबादच्या कॅम्पची जागा हर्षदीपले. पण हात कुठं आहे त्याच्यापाशी? डॉक्टर सांगते सरळ होईन — त्यानं कोपर मोडल्याचा आवाज नाई ऐकला, मी ऐकला. त्याले ती जागा कामाची नाई, अन् मले दुसरी जागा नाई. मग दोघंबी घरी बसावं का? तुमच्या समाधानासाठी?

अन् ओरडून म्हणाले पाह्यजे होतं म्हणता? ओरडन कसा! तुमी समोर बसले! हळूच म्हटलं त्यानं सर, तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून, पोटरीले तोंड लावून — 'सोड नं बे, बाबा पाहून राह्यले' —

...

काय नाई. काय म्हटलं नाई मी.

असे पाहू नका माझ्याकडं. कागद उचला. मामा येऊन राह्यला — जा तुमी. जा म्हटलं नं.