वालाच्या शेतातल्या खुंट्या

चहा घेता घेता ऐका. भात कापून आम्ही निर्मळ गावातल्या आमच्या शेतात वाल पेरले होते. एक दिवस बघते तर कोणी पोरगी वालाच्या ओळीत लाल खुंट्या ठोकतेय. शेजारच्या गास गावात अशाच खुंट्या आल्या आणि मागून इमारत उभी राहिली. मी धावत जाऊन खुंटी उपटली.

"कोणत्या बिल्डरची गं तू?"

"आजी, मी कॉलेजातून आलेय. कोणत्या रोपांना जिवाणू दिले ते कळायला खुंट्या लावतेय. भाऊंना विचारलंय."

भाऊ म्हणजे माझा मुलगा. त्याला कोणीही गोड बोलून गुंडाळतं.

"कसले जिवाणू?"

तिने एक रोप उपटलं, मुळावरची गाठ नखाने फोडली. आत लालसर. "हे इथे राहतात. हवेतलं नत्र रोपाला देतात, रोप त्यांना साखर देतं."

"कोणालाही राहू देतं?"

"छे! आधी ओळख पटते. मग मुळातली झोपलेली जनुकं जागी होतात, तेव्हा दार उघडतं. कोणती जागी होतात, तेच शोधतेय."

"वालाचं मूळ ओळख पटल्याशिवाय आत घेत नाही, आणि मी तुला घेऊ?"

पोरगी हसली. मी नाही हसले. सगळ्या खुंट्या काढायला लावल्या आणि खुणेला बांधायला जुन्या लुगड्याच्या चिंध्या दिल्या.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "आई, पटली ना आता तिची ओळख?"

म्हटलं, "मुळाला किती दिवस लागतात, ते विचार तिला. मला त्याहून जास्त लागतील."